बाळाला सांभाळणारं माणूस शोधताना

२०१७ च्या कायदादुरुस्तीमुळे पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. माझी ती रजा संपत आली. दोन्हीकडचे आजी-आजोबा गावी, आणि एवढ्याशा जिवाला पाळणाघरात ठेवायला मन धजेना. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या घरी मावशी आल्या त्या तेव्हा. त्यांना शोधताना आणि त्यांच्याबरोबर राहताना जे उमजलं, ते असं.

१. आधीच्या घरी "बाई चांगली आहे का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. बाळ कधी पडलं का, तापानं फणफणलं का, तेव्हा तिने काय केलं, ते विचारा. मावशींच्या आधीच्या घरच्या आजी म्हणाल्या, "नात पलंगावरून पडली तेव्हा मी भाजी आणायला गेले होते. हिने लगेच फोन केला. सांगितलं नसतं तर मला पत्ताही लागला नसता." माझं तिथेच ठरलं. बाळ कोणाच्याही हातून पडू शकतं. पडल्याचं सांगणारं माणूस मला हवं होतं.

२. आधारकार्डाची प्रत, फोटो, पोलीस पडताळणी हे सगळं कराच, आणि कशासाठी करतोय ते तिला मोकळेपणी सांगा. जमलं तर एकदा तिच्या घरी जाऊन या. कॅमेरा लावायचा असेल तर तोही तिला सांगूनच.

३. आपण कामावर परत रुजू होण्याआधी काही दिवस तिला पूर्ण पगारावर बोलवा. आपण घरातच थांबा, पण बाळ तिच्या हाती द्या. मावशी नाचणीची पेज भरवत होत्या. चमचा ओठांशी नेऊन त्या थांबायच्या, बाळाने आ केल्यावरच पुढचा घास. बाळाने दोनदा मान फिरवली तशी त्यांनी वाटी खाली ठेवली. "पोट भरलं तिचं," म्हणाल्या. वाटीत अर्धी पेज शिल्लक होती आणि मी समोर बसले होते, तरी मला दाखवायला म्हणून त्यांनी एक घासही कोंबला नाही.

४. नियम मोजके ठेवा, पण प्रत्येकाचं कारण सांगा. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, त्यातून बाळांना गंभीर विषबाधा होऊ शकते. झोपवायचं ते पाठीवर. आणि मला विचारल्याशिवाय कुठलंही औषध नाही. हा शेवटचा नियम मी पुन्हा पुन्हा सांगितला. मुंबईत गिरण्यांच्या काळात कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देत, म्हणजे ती दिवसभर झोपून राहत. आता तेच काम सर्दीच्या औषधाकडून करून घेतलं जातं. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावलं आहे. बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपू लागलं, तर जरूर चौकशी करा.

५. पगार ठरल्या तारखेला, आठवड्याची सुट्टी पक्की, तिचं मूल आजारी पडलं तर भरपगारी रजा. पुण्यात घरकामगार बायकांनी १९८० मध्ये संप केला तो पगारवाढ आणि सुट्टी अशा साध्या हक्कांसाठीच. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा यायला २००८ उजाडलं. अजूनही कप फुटला म्हणून पगार कापणारी घरं मला माहीत आहेत. कपाचे पैसे कापल्यावर बाळाच्या कपाळावर टेंगूळ आलं तर ती कशाला सांगेल?

६. संध्याकाळी "सगळं ठीक ना?" विचारलं की उत्तर "हो ताई" एवढंच येतं. मी विचारते, "आज कशावरून रडली?" मग दारात सापडता सापडता वाचलेलं बोट, न आवडलेला भोपळा, दुपारी न लागलेली झोप, सगळं बाहेर पडतं. ऐकताना आवाज चढवायचा नाही. हे अवघड आहे, पण तेवढं सांभाळावंच लागतं.

७. बालरोगतज्ज्ञ, शेजारच्या काकू आणि १०८ हे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत हवेत. घशात काही अडकून बाळाला श्वास घेता येईना, रडताही येईना, तर डोकं खाली ठेवून हातावर पालथं धरायचं, पाठीवर तळहाताने पाच थापा द्यायच्या. मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबायचं, आणि अडकलेलं निघेपर्यंत हे आलटून पालटून करत राहायचं. डॉक्टरांनी दाखवलेलं हे आम्ही दोघींनी बाहुलीवर करून पाहिलं. मावशींनी ती बाहुली एक दिवस घरी नेली, सुनेला शिकवायला.