लिहावे काय, राखून ठेवावे काय?

वाचन : योहानाचे तिसरे पत्र, मत्तय १८:१५-१७



योहानाचे तिसरे पत्र अगदी लहान आहे. गायसाला सांगण्यासारखे पुष्कळ असूनही ते शाईने लिहिण्याची आपली इच्छा नाही, लवकरच समोरासमोर बोलू, असे तो अखेरीस कळवितो. दुसऱ्या पत्रातही हाच भाव आहे. पत्र हे त्या काळचे साधन होते आणि योहानाने ते नाकारले नाही. नाकारले असते तर आज आपल्या हाती काय असते? मात्र दियत्रफेसाची गोष्ट पाहा. मंडळीत पुढारपणाची हौस असलेला हा मनुष्य योहानाविरुद्ध बडबडत होता आणि बंधुजनांचा स्वीकार करीत नव्हता. योहान तक्रार लपवीत नाही, पण त्या कृत्यांचा समाचार प्रत्यक्ष येण्यावर सोडतो.

आता आपल्याकडे वळू या. भारतात मोबाइल सेवा १९९५ मध्ये सुरू झाली, तेव्हा येणाऱ्या फोनचेही पैसे पडत. माणसे मोजके बोलत. पुढे २०१४ मध्ये व्हॉट्सअॅपवर निळ्या खुणा आल्या आणि निरोप वाचला गेल्याचे पाठविणाऱ्यास कळू लागले. वाचले, तरी उत्तर नाही! पूर्वी उशिराचा दोष टपालावर ढकलता येई. आता तो थेट माणसाच्या माथी येतो.

आम्ही भावंडे तीन शहरांत विखुरलेली. आईच्या औषधखर्चाविषयी धाकट्या भावाने कुटुंबाच्या ग्रुपवर एक वाक्य लिहिले. त्याला ना स्वर, ना चेहरा. मी माझ्याच रागाचा स्वर त्याला लावला आणि सर्वांदेखत उत्तर दिले. नऊ महिने आमचे बोलणे बंद होते. अखेर रात्रीच्या गाडीने त्याच्या घरी गेलो, तेव्हा कळले की तो टोमणा नव्हताच, साधी विचारणा होती.

मत्तयाच्या उताऱ्यात पहिली पायरी बंधूकडे एकट्याने जाण्याची आहे, मंडळीला कळविण्याची पायरी शेवटची. ग्रुपवर आपण शेवटच्या पायरीवरूनच आरंभ करतो. (दूरच्या नातवंडाचे मुख आजीला त्याच फोनवर दिसते, हे मी विसरलेलो नाही.)

योहानाच्या पत्राची अखेरची विनंतीही वाचा : मित्रांना एकेकाचे नाव घेऊन सलाम सांगावा. नाताळाचे एकच चित्र शंभर जणांना पाठविताना आपण कोणाचे नाव घेतो?