कुंडीखालची ताटली

आमचे घर मालेगावात आहे. गल्ली अरुंद आहे आणि घरे एकमेकांना चिकटलेली आहेत. दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. अब्बा अशाच एका कारखान्यात काम करतात. आमच्या घराला अंगण नाही. जिना चढून गेले की एक छोटी गच्ची लागते. तेवढीच आमची मोकळी जागा.

मी सातवीत होते तेव्हाची गोष्ट. जूनच्या शेवटी पाऊस सुरू झाला आणि डासांनी उच्छाद मांडला. संध्याकाळी पुस्तक उघडले की कानाशी गुणगुण सुरू होई. त्याच सुमारास शाळेच्या वाचनालयात एका जुन्या मासिकातला लेख माझ्या हाती लागला. तुळस, पुदिना, गवती चहा, झेंडू ही झाडे दारात लावली की डास घराकडे फिरकत नाहीत, असे त्यात लिहिले होते. मला फार आनंद झाला. तो लेख मी वहीत उतरवून घेतला.

दादींना वाचून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "यात नवे काय? आमच्या दाराशी रैहान असायचाच. त्याचा सुगंध किती छान!"

दुसऱ्या दिवशी मी मराठीच्या सरांना विचारले, "सर, रैहानला मराठीत काय म्हणतात?"

सर म्हणाले, "सब्जा. तू फालुदा खातेस ना? त्यात फुगलेले काळे बी असते, ते याचेच. सब्जा आणि तुळस जवळच्या नात्यातली झाडे आहेत."

मग माझी धावपळ सुरू झाली. पलीकडच्या गल्लीतल्या काकूंनी तुळशीचे रोप आणि गवती चहाचा ठोंब दिला. "चहाला पाणी भरपूर लागतं गं," त्या म्हणाल्या. झेंडूचे बी बाजारातून आणले. पुदिन्याच्या काड्या अम्मीच्या भाजीच्या पिशवीतूनच मिळाल्या. कुंड्या विकत घ्यायला पैसे नव्हते. तेलाचे रिकामे डबे आणि फुटक्या बादल्या घेतल्या. अकरा कुंड्या झाल्या!

पहिल्याच आठवड्यात कुंड्यांतले मातीचे पाणी गच्चीवरून खालच्या दारात टपकू लागले. खाली राहणाऱ्या चाची रागावल्या. तेव्हा अम्मीने जुन्या ताटल्या आणि डब्यांची झाकणे शोधून प्रत्येक कुंडीखाली ठेवली. भांडण मिटले. माझा धाकटा भाऊ अदनान सहा वर्षांचा होता. झाडांना पाणी घालणे हे काम त्याने आपणहून घेतले. एका झाडाला एक तांब्या पुरेसा असे, पण तो दोन ओतायचा. ताटल्या सदा भरलेल्या असत. ते पाहून आम्हाला बरेच वाटे.

ऑगस्ट उजाडला. झेंडूला कळ्या धरल्या. आणि एके दिवशी अदनान शाळेतून तापाने फणफणून आला. "आपा, डोळ्यांच्या मागे दुखतंय," असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. डॉक्टरांनी रक्त तपासले. डेंग्यू निघाला. तिसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात दाखल करावे लागले. शेजारच्या एकाने अंगदुखीवर ॲस्पिरिनची गोळी आणून दिली होती. डॉक्टरांनी ती बघितली आणि बाजूला ठेवली. या तापात तिच्यामुळे रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून ती देत नाहीत. अम्मी त्याच्या उशाशी बसून राहिली. अब्बांनी कारखान्यात रजा टाकली. घरी मी आणि दादी. अकरा झाडे असताना डास आलाच कसा, हे मला कळत नव्हते.

त्याच आठवड्यात महानगरपालिकेच्या आरोग्यसेविका ताई आमच्या गल्लीत आल्या. त्यांनी रांजण पाहिला, पाण्याचे पिंप पाहिले. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येते, त्यामुळे पाणी साठवावेच लागते. दोन्हींवर घट्ट झाकण होते. ताई खूश झाल्या. मी त्यांना मोठ्या अभिमानाने गच्चीवर नेले.

ताई तुळशीजवळ वाकल्या. त्यांनी कुंडी हलकेच उचलली, खालची ताटली काढली आणि तिच्यावर विजेरीचा प्रकाश टाकला. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. काही अळ्या डोके खाली आणि शेपटी वर करून पृष्ठभागाला लटकल्या होत्या.

"अशा श्वास घेतात त्या," ताई म्हणाल्या. "शेपटीशी नळी असते."

"पण ताई, ही तर तुळस आहे!" मी म्हणाले.

"आहे ना. तुळशीच्या मुळाशीच डासांचा पाळणा हलतोय."

मी एकेक कुंडी उचलत गेले. सात ताटल्यांत अळ्या निघाल्या. पुदिन्याखाली होत्या, सब्जाखाली होत्या, गवती चहाखाली तर सर्वांत जास्त. माझे हातपाय गार पडले. मी रडत रडत म्हणाले, "माझ्यामुळेच अदनान आजारी पडला. मी सगळी झाडे फेकून देते."

ताईंनी मला खाली बसवले. म्हणाल्या, "त्याला चावलेला डास याच ताटलीतला होता, असं कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. हा डास आधी एखाद्या डेंग्यूच्या रुग्णाला चावतो. मग काही दिवसांनी तो दुसऱ्याला रोग देऊ शकतो. म्हणजे गल्लीत आणखी कोणीतरी आजारी होतं. आणि झाडांचा काय दोष? हे पान चुरगळ बरं."

मी गवती चहाचे पान चुरगळले. लिंबासारखा वास आला.

"आधी येत होता?"

"नाही."

"मग डासाला तरी कसा येणार? पानात तेलाच्या अगदी बारीक पिशव्या असतात. पान खाणाऱ्या किड्यांपासून बचाव व्हावा म्हणून झाड ते तेल तयार करतं. पान फाटलं की तेल बाहेर येतं. उभं झाड काही डासांमागे धावत नाही. याच जातीच्या एका गवताचं तेल काढून मलमात घालतात, त्याला सिट्रोनेला म्हणतात. ते अंगाला लावलं तर तास-दोन तास उपयोग होतो. त्यानंतर वास उडून जातो."

"आणि झेंडू?"

"टोमॅटोच्या शेतात झेंडू लावतात, तो डासांसाठी नव्हे. त्याच्या मुळांमुळे मातीतल्या सूक्ष्म कृमींना आळा बसतो."

दादी जिन्यात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी विचारले, "आणि कडुनिंबाच्या पाल्याची धुरी?"

"धुराने डास थोडा वेळ दूर जातात, दादी. पण तोच धूर बंद खोलीत मुलांच्या छातीत जातो," ताई म्हणाल्या. दादींना हे फारसे पटले नाही. तरी अदनान घरी आला तेव्हा त्यांनी धुरी केली नाही.

मग ताईंनी एक गोष्ट दाखवली. ताटलीतले पाणी ओतून देऊन त्यांनी काठावर बोट फिरवले. बोटाला काळे कण लागले. ती अंडी होती. एडिस डासाची मादी पाण्याच्या काठाला अंडी चिकटवते. ती अनेक महिने कोरडी राहिली तरी जिवंत असतात आणि पाणी मिळताच फुटतात. म्हणून पाणी नुसते ओतून चालत नाही, भांडे घासावेच लागते. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा घासले की डास तयारच होत नाही. हा डास फार दूरही जात नाही. शंभर-दोनशे मीटरच्या आतच फिरतो आणि बहुधा दिवसा चावतो. संध्याकाळी मी ज्यांना मारत बसे, ते बहुधा गटारातल्या घाण पाण्यातले वेगळे डास होते. पायांवर पांढरे पट्टे असलेला हा डास स्वच्छ पाण्यात वाढतो. अदनान रोज नवे, स्वच्छ पाणी ओतत होता.

मी थोड्या अळ्या बरणीत घेतल्या. तोंडाला मलमलीचे फडके घट्ट बांधले आणि बरणी वर्गात नेली. त्या दिवशी 20 ऑगस्ट होता. विज्ञानाच्या सरांनी सांगितले की, 1897 साली याच तारखेला सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी दिसले. हुसैन खान नावाच्या एका रुग्णाने त्यासाठी स्वतःला डास चावून घेतले होते. दर डासामागे त्याला एक आणा मिळाला. रॉस यांना 1902 साली नोबेल पारितोषिक मिळाले. "आणि हुसैन खानला?" मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले. सर हसले, पण उत्तर त्यांनी दिले नाही.

चौथ्या दिवशी बरणीत फडक्याखाली डास उडू लागले. सगळा वर्ग गप्प झाला.

अदनान घरी आला तेव्हा खूप बारीक झाला होता. झाडे मी फेकली नाहीत. ताटल्यांत वाळू भरली. कुंडीतले पाणी वाळूत मुरते आणि वर साचत नाही. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असते. त्या दिवशी अब्बा पिंप रिकामे करून आतून घासतात, मी ताटल्या बघते आणि चाचींच्या दारातले जुने टायरही उलटे करते. चाची आता रागावत नाहीत. अदनान मागे मागे फिरतो.

"आपा, मी पाणी घालू?"

"एकच तांब्या," मी म्हणते.

शब्दार्थ
उच्छाद मांडणे – खूप त्रास देणे. ठोंब – मुळांसह काढलेला रोपाचा भाग. एक दिवसाआड – एक दिवस सोडून. छातीठोकपणे – पूर्ण खात्रीने. विजेरी – टॉर्च.

स्वाध्याय
1. कुंड्यांखाली ताटल्या का ठेवाव्या लागल्या?
2. पान चुरगळल्यावरच वास का येतो?
3. ताटलीतले पाणी ओतून दिले तरी ती घासावी का लागते?
4. 'हातपाय गार पडणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.
5. तुमच्या घराभोवती पाणी कोठे साचते ते पाहा आणि पाच वाक्ये लिहा.