चंद्रपूरच्या उन्हात हिमनदीचे ओरखडे

द्वितीय वर्षाच्या वर्गाला हिमनदीचे कार्य शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बर्फ आम्ही पाहिला तो सरबताच्या गाडीवरचा. मग हे सारे आम्ही कशासाठी शिकायचे?" वर्ग हसला. मीही हसलो आणि "परीक्षेत यावर हमखास प्रश्न असतो" असे सांगून वेळ मारून नेली. त्या उत्तराची मला पुढे बरीच खंत वाटली. कारण खरे उत्तर आमच्याच चंद्रपूर भागात, पैनगंगेच्या पात्रात पडलेले आहे. तेथे जाण्यापूर्वी मात्र थोडी हिमालयाची वाट चालावी लागेल.

हिमनदी म्हणजे गोठलेली नदी, अशी एक समजूत असते. ती चुकीची आहे. वर्षानुवर्षे साठलेला हिम स्वतःच्याच भाराने दबून त्याचा घट्ट बर्फ होतो आणि थर पुरेसा जाड झाला की तो उताराच्या दिशेने सरकू लागतो. काही सरकणे बर्फाच्या आतल्या आत होते, तर काही तळाशी पाझरणाऱ्या पाण्यावरून घसरून होते. ही गती डोळ्यांना दिसत नाही. स्वित्झर्लंडमधील हूगी नावाच्या संशोधकाने १८२७ साली उन्टरआर हिमनदीवर एक झोपडी बांधली होती. लुई आगासी यांनी पुढे तिचा माग काढला तेव्हा, १८४० पर्यंत, ती सुमारे १४०० मीटर खाली गेलेली आढळली. झोपडी कोणी हलविली नव्हती. तिच्याखालची जमीनच चालली होती.

आता खननाकडे वळू. विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितात की, "बर्फ खडकाला घासतो." लिहायला हे सोपे आहे, पण बर्फ खडकापेक्षा पुष्कळच मऊ आहे. नुसत्या बर्फाने ग्रॅनाइटवर ओरखडा उठणार नाही. बर्फ दोन गोष्टी करतो. तळाचे पाणी खडकाच्या भेगांत शिरून गोठते, गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, भेगा रुंदावतात आणि सुटलेला तुकडा पुढे सरकणारा बर्फ उपटून नेतो. याला उत्पाटन म्हणतात. असे उपटलेले दगड बर्फाच्या तळाशी घट्ट रुतून बसतात आणि वरच्या प्रचंड भाराखाली पुढच्या खडकावर रगडले जातात. हे अपघर्षण होय. सहाणेवर चंदन उगाळताना चंदनही झिजते व सहाणही झिजते, तसेच येथे होते. खालचा खडक गुळगुळीत होतो, त्यावर एका दिशेने जाणाऱ्या सरळ, समांतर रेघा उमटतात; आणि वरच्या दगडाची जी बाजू घासली गेली ती सपाट होते. तोच दगड पुढे थोडा कलला की दुसरी बाजू सपाट होऊ लागते. नदीतला गोटा गडगडत येतो म्हणून वाटोळा होतो. हिमनदीतला दगड धरून घासला जातो म्हणून त्याला पैलू पडतात. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

काही वर्षांपूर्वी गंगोत्रीहून गोमुखापर्यंत चालत जाण्याचा योग आला. माझ्या मनात पांढऱ्याशुभ्र बर्फाचे चित्र होते. प्रत्यक्षात समोर आला तो दगडमातीने माखलेला, काळपट, भेगाळलेला कडा, आणि त्याखालून उसळणारे करडे, दुधाळ पाणी. आमच्या सोबतच्या एका गृहस्थांची तर निराशाच झाली. परंतु भूगोलाच्या माणसाला त्या मळकटपणातच सारा धडा मिळतो. पाण्याचा तो रंग म्हणजे हिमनदीने दळलेल्या खडकाचे पीठ. वर शिवलिंग शिखर (६५४३ मीटर) दिसते. त्याचे सुळक्यासारखे रूप चहूबाजूंनी हिमगव्हरे मागे मागे कोरली गेल्याने आलेले आहे. गंगोत्री हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांबीची आहे. तिच्या परिसरातील रक्तवर्ण, चतुरंगी ही हिमनद्यांची नावेच त्यांच्या अंगावरील दगडगोट्यांच्या रंगांची आठवण देतात. ऑडेन या भूवैज्ञानिकाने १९३५ साली गोमुखाची मोजणी करून नकाशा केला. त्यानंतरच्या सहा दशकांत हे मुख वर्षाकाठी सरासरी वीसेक मीटर मागे हटले.

वहनाच्या बाबतीत नदी आणि हिमनदी यांत मोठा भेद आहे. नदी निवड करते. वेग कमी झाला की आधी मोठे गोटे टाकते, मग वाळू, शेवटी गाळ. हिमनदीला निवड ठाऊक नाही. घराएवढी शिळा आणि चाळणीतून गळेल असे पीठ ती एकाच पाठीवर वाहते, आणि वितळली की सारे एकाच ठिकाणी टाकते. या ढिगांना हिमोढ म्हणतात. कडेचे पार्श्व हिमोढ, दोन प्रवाहांच्या मीलनाने झालेले मध्य हिमोढ, मुखाशी पडलेले अंत्य हिमोढ ही नावे पाठ्यपुस्तकात आहेतच. पुस्तकात ठळकपणे येत नाही ती गोष्ट अशी की, हा ढीग कोणी चुन्याने बांधलेला नसतो. केदारनाथच्या वर चोराबारी हिमनदीच्या पार्श्व हिमोढाने अडविलेले एक सरोवर होते. जून २०१३ च्या अतिवृष्टीत, १७ तारखेच्या सकाळी तो बांध फुटला आणि काही मिनिटांत सरोवर रिकामे होऊन पाणी व शिळा केदारनाथवर आल्या. केदारनाथची वस्तीही हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीवरच उभी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवरात हिमोढाचा उतार कोसळला, आणि त्या लोंढ्याने चुंगथांगचे तीस्ता धरण वाहून गेले.

आता चंद्रपूर. १८५६ साली ओरिसातील तालचेर येथे ब्लॅनफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक चमत्कारिक थर आढळला: बारीक गाळाच्या खडकात मोठमोठ्या शिळा. जे पाणी एवढ्या शिळा आणील ते बारीक गाळ खाली बसू देणार नाही. जे गाळ बसू देईल ते शिळा आणू शकणार नाही. तेव्हा हे काम बर्फाचे असावे असा तर्क त्यांनी केला. उष्ण कटिबंधातील सखल प्रदेशात बर्फ! पुष्कळांना तो पटला नाही. पुरावा हवा होता, आणि तो मिळाला पैनगंगेच्या पात्रात, चंद्रपूरच्या नैऋत्येस इरई गावाजवळ. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फेडन यांनी १८७५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तेथे चुनखडकाचा पृष्ठभाग घोटून गुळगुळीत झालेला व त्यावर समांतर रेघा, आणि त्यावर तालचेरचा तोच शिळायुक्त थर. काळ सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा. दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथेही त्याच सुमाराचे असे थर सापडले, आणि ही सारी भूमी एकेकाळी दक्षिणेकडे एकत्र जोडलेली होती, या वेगेनर यांच्या मताला त्यातून मोठा आधार मिळाला. बर्फ ओसरल्यावर त्या भूमीवर जंगले वाढली. आज चंद्रपूर-बल्लारपूरच्या खाणींतून निघतो तो कोळसा त्यांचाच.

गेल्या वर्षी वीस विद्यार्थ्यांना घेऊन मी त्या बाजूला गेलो. मुलांनी उत्साहाने "सापडले!" म्हणून दाखविलेले पहिले ओरखडे बहुधा बैलगाडीच्या लोखंडी धावेचे होते. मग ओळखायचे कसे? उघड्या दगडावरील रेघ केव्हाही, कशानेही पडू शकते. ज्या रेघा वरच्या शिळायुक्त थराखाली शिरताना दिसतात, त्या मात्र तो थर पडण्यापूर्वीच्याच असल्या पाहिजेत. हे सांगितल्यावर ती प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी थराच्या कडेशी उकिडवी बसली आणि बराच वेळ बोटाने रेघ चाचपीत राहिली. नंतर थरातून निखळलेला एक दगड तिने माझ्याकडे आणला. त्याला तीन सपाट पैलू होते. एकावर ओरखडे होते.

पावसाळ्यात पात्र भरलेले असते, तेव्हा जाणाऱ्यांनी फेब्रुवारी-मार्चचा सुमार साधावा. भिंग न्यावे, पाणी भरपूर न्यावे. हातोडी मात्र घरी ठेवावी; रेघांच्या पृष्ठभागाचा टवका उडाला तर तो पुन्हा घडविणारी हिमनदी आता त्या बाजूला नाही.