मुलाच्या हाती पहिले शिवणयंत्र

बौद्ध भिक्खूच्या आठ परिष्कारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, कमरपट्टा आणि पाणी गाळण्याचे साधन यांच्याबरोबर सुईचीही गणना होते. सर्वस्वाचा त्याग केलेल्या माणसानेही आपले वस्त्र आपण सांधावे, हा त्यामागील विचार आहे. मगधातील शेतांची आखीव बांधणी पाहून तथागतांनी आनंदाला तशाच आकृतीचे चीवर करण्यास सुचविले, अशी कथा विनयपिटकाच्या महावग्गात आहे. कठिन चीवर तर संघाने मिळून एका दिवसात कापायचे, शिवायचे आणि रंगवायचे असते. शिवणकाम हे हलके काम आहे किंवा ते केवळ स्त्रियांचे काम आहे, ही समजूत आपल्या परंपरेत बसत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

वस्त्राचा प्रश्न आपल्या समाजाच्या इतिहासात मानाचा प्रश्न राहिला आहे. मनुस्मृतीने चांडाळांसाठी मृतांची वस्त्रे नेमून दिली होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्या ग्रंथाचे दहन झाल्यानंतर बाबासाहेबांनी तेथे जमलेल्या स्त्रियांना स्वच्छ राहण्याचा आणि जात ओळखू येईल असे पोशाख व दागिने टाकून देण्याचा उपदेश केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात लाखोंचा समुदाय शुभ्र वस्त्रांत दीक्षाभूमीवर आला. विदर्भात आपले पूर्वज जाडेभरडे कापड विणीत असत. पुढे १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि हातमागावरील कित्येक हात गिरणीकडे वळले. मुंबईच्या गिरण्यांत मात्र अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता; धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळ होतो, असे कारण सांगितले जाई. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा अन्याय उघडपणे मांडला. यंत्र कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न अशा रीतीने आपल्याकडे सामाजिक प्रश्न ठरतो.

यंत्राविषयी बाबासाहेबांची भूमिका स्वच्छ होती. १९४५ च्या काँग्रेस आणि गांधीजींविषयीच्या ग्रंथात त्यांनी प्रतिपादन केले की, यंत्र माणसाला कष्टातून सोडवून फुरसत देते आणि फुरसतीशिवाय संस्कृती घडत नाही. दोष यंत्राचा नसून ज्या समाजरचनेत त्याचा लाभ मोजक्यांना मिळतो तिचा आहे. ही दृष्टी ठेवूनच आम्ही पुढील विवेचन करीत आहोत. कारण अलीकडे अनेक पालक आम्हांस विचारतात की, आठ-दहा वर्षांच्या मुलाला शिवण शिकायचे आहे, तर त्याला कोणते यंत्र द्यावे?

कोणत्या प्रकारचे यंत्र?

आमचे उत्तर असे की, आरंभी नवे यंत्र घेऊ नये आणि खेळण्यातले तर मुळीच घेऊ नये. प्लास्टिकचे छोटे यंत्र दोन पदरी कापडावरही टाका चुकवते. मुलाला वाटते की, आपल्यालाच जमत नाही. याउलट सिंगर किंवा उषा यांचे जुने, काळे, ओतीव लोखंडाचे, केवळ सरळ टाका घालणारे यंत्र दोन पिढ्या वापरूनही उत्तम चालते. सिंगरचे पेटंट १८५१ चे. आपल्या देशात १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ यंत्रे बनविण्यास प्रारंभ केला. लुधियानात अशा यंत्रांचे सुटे भाग आजही तयार होतात, त्यामुळे दुरुस्ती अवघड नाही.

चालविण्याच्या पद्धतींत हातमशीन लहान मुलासाठी सर्वांत श्रेयस्कर होय. उजवा हात मूठ फिरवितो, डावा हात कापड सांभाळतो. हात थांबला की सुई थांबते. पायमशीनला पायांची लय लागते, पाय पायडलपर्यंत टेकावे लागतात आणि चाक उलटे फिरले की धागा तुटतो. ते बाराव्या-तेराव्या वर्षी शोभते. विजेची मोटर ही शेवटची पायरी. सुई बोटात जाण्याचा धोका वेगाबरोबर वाढतो.

पारख कशी करावी?

वापरलेले यंत्र शोधण्यास प्रथम आपल्याच घरात पाहावे. समाजकल्याणाच्या योजनांतून मिळालेली कित्येक यंत्रे पोत्याखाली झाकून पडलेली असतात. ते नसेल तर ओळखीच्या शिंप्याकडे किंवा यंत्र दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे विचारावे. जाताना सुती कापडाचे दोन तुकडे, दोन वेगळ्या रंगांचे धागे आणि एक नवी सुई सोबत न्यावी.

रंग उडाला, सोनेरी नक्षी पुसली, म्हणून यंत्र वाईट ठरत नाही. धागा न ओवता, कापड दाबणारा पाय वर उचलून, चाक आपल्याकडे फिरवावे. ते जड फिरले तर बहुधा तेल सुकलेले असते. साफसफाईने ते मोकळे होते. मात्र ठराविक ठिकाणी अडकत असेल किंवा आत धातू घासल्याचा आवाज येत असेल, तर ते यंत्र सोडून द्यावे. सुईचा दांडा बोटांनी हलवून पाहावा. तो लक्षणीय डुगडुगत असेल तर झीज झालेली आहे. पायाखालील दाते बोटाला टोचले पाहिजेत. गुळगुळीत झालेले दाते कापड पुढे सरकवीत नाहीत. सुईच्या छिद्राभोवती आणि शटलच्या टोकावर ओरखडे नसावेत, कारण तेथेच धागा अडकून तुटतो. बॉबिन आणि बॉबिन केस यंत्रासोबत मिळतात की नाही, हेही विचारावे.

यानंतर खरी परीक्षा. नवी सुई बसवून वर एका रंगाचा, बॉबिनमध्ये दुसऱ्या रंगाचा धागा भरावा आणि दुहेरी कापडावर वीतभर शिवावे. दोन्ही धाग्यांची गाठ कापडाच्या दोन पदरांमध्ये लपली, तर ताण बरोबर आहे. खालचा रंग वर दिसला, तर वरचा धागा जास्त ओढला जात आहे. वरचा रंग खाली दिसला, तर तो सैल आहे. एवढ्याने यंत्र नाकारू नये. पेच फिरवून फरक पडतो का, ते पाहावे. फरक पडला, तर यंत्र जिवंत आहे.

सर्व पैसे यंत्रातच घालू नयेत. मिस्त्रीची सफाई, पाच-सहा बॉबिन, सुयांचे पाकीट आणि यंत्राचे तेल यांसाठी रक्कम राखून ठेवावी. घरातील खोबरेल तेल कधीही घालू नये; ते चिकट होऊन यंत्र आवळून टाकते.

पहिले धडे

पहिल्या दिवशी धागा ओवूच नये. वहीचा रेघी कागद सुईखाली ठेवून मुलाने रेघेवरून छिद्रे पाडत जावे. रेघ जमली की चौकोन, मग वळण. शेवटी सुई खाली ठेवून, पाय उचलून, कागद वळविणे शिकवावे. कोपरा वळविण्याची सारी विद्या त्यातच आहे. त्यानंतर धागा, आणि मग चिंध्यांची पिशवी, उशीचा अभ्रा, दप्तराचा तुटलेला बंद. मुलाजवळ मोठे माणूस बसलेले असावे. यंत्र मुलाच्या कोपराच्या उंचीवर असावे. मोकळे केस व ओढणी बांधलेली असावी. तेल घालणे आणि बॉबिनखालील धूळ काढणे हेही मुलाकडेच सोपवावे. आपले यंत्र उघडून पाहिलेले मूल यंत्राला भीत नाही.

एक इशारा

आता या विषयातील मर्माचा मुद्दा. आपल्या वस्त्यांत यंत्राचे वाटप होते, फोटो निघतो आणि त्या मुलीच्या शिक्षणाची वाट तेथेच संपली, असे मानले जाते. ‘हिला कॉलेज कशाला, मशीन घेऊन दिली आहे ना’ हे वाक्य आम्ही शिक्षक म्हणून अनेकदा ऐकले आहे. २० जुलै १९४२ रोजी नागपुरातच सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. तेथे बाबासाहेबांनी मातांना सांगितले की, मुलांना शिक्षण द्या, त्यांच्या मनात महत्त्वाकांक्षा रुजवा, लग्नाची घाई करू नका. शिवणयंत्र या उपदेशाच्या सेवेत असेल तोवरच ते स्वागतार्ह आहे. त्याच्या जागी ते येऊ पाहील, तर ते यंत्र म्हणजे नवे बलुते होय.

म्हणून आमचे पालकांस दोन गोष्टींचे आग्रहाचे सांगणे आहे. यंत्र घरात आले, तर मुलगा व मुलगी दोघांनाही त्यावर बसवावे. आणि ते अभ्यासाच्या टेबलाशेजारी ठेवावे, टेबल हटवून नव्हे. टाका मोजताना गणित येते, शटल उघडताना विज्ञान येते, आपली फाटकी बाही आपणच शिवताना स्वावलंबन येते. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या घरी असे यंत्र पोत्याखाली पडून असेल, तर ते वसतिगृहातील मुलांपर्यंत पोहोचवावे. मिस्त्रीकडे नेण्याचे काम आम्ही करू.