एवढ्यात चार कोंबड्या येतील!

आई-बाबांनो,

पाळलेली कोंबडी झिंगायला लागली की घरातलं प्रत्येक जण आपापलं बोलून मोकळं होतं. आजोबा म्हणतात, "मानमोडी दिसतेय, काही खरं नाही." काकाला रविवार आठवतो. आणि कोणीतरी, बहुधा तुमच्यापैकीच एक जण, डॉक्टरांच्या फीचा अंदाज घेऊन म्हणतो, "एवढ्यात चार कोंबड्या येतील!" हिशोब चोख आहे. पण तो मोठ्यानं होतो, आणि खुराड्यापाशी उकिडवं बसलेलं तुमचं आठ-नऊ वर्षांचं पोर तो ऐकत असतं. आतल्या खोलीत गुडघे चोळत बसलेली आजीही ऐकते, पण ते असो.

कुत्र्याच्या बाबतीत असं कोणी म्हणत नाही. कोंबडीची जागा आपल्याकडे खुराड्यातही असते आणि पातेल्यातही. मीही कोंबडी खाणाऱ्या घरातलीच आहे, त्यामुळे सोवळेपणाचा आव आणत नाही. पण जिला मुलानं नाव ठेवलं, जी त्याच्या हाकेसरशी धावत यायची, तिच्या आजारपणात आपण कसं वागतो हे ते टक लावून पाहत असतं. तेव्हा माझं म्हणणं इतकंच: तिचं दुखणं मुलापासून लपवू नका, आणि "गावाला पाठवली" असं तर मुळीच सांगू नका. काय झालंय ते त्याच्यासोबत शोधा.

पुण्यात धायरी-वाघोलीकडच्या घरांच्या मागच्या अंगणात, एखाद्या जुन्या वाड्यात, हल्ली तळमजल्याच्या फ्लॅटमध्येसुद्धा कोंबडी दिसते. पुष्कळदा ती ठरवून आणलेली नसते. जत्रेत गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली पिल्लं टोपलीत चिवचिवत असतात, मूल हट्ट धरतं, आपण नोट काढून देतो. ही पिल्लं बहुधा अंड्यांच्या जातीतले नर असतात, हॅचरीला नको असलेले. कधी ब्रॉयलर असतात. ब्रॉयलर जात मांसासाठीच घडवलेली. पाच-सहा आठवड्यांत ती दोन किलोच्या घरात जाते, आणि हाडंसांधे त्या वेगाला पुरे पडत नाहीत. असं पिल्लू महिन्या-दीड महिन्यात पायावर बसलं, तर मुलाला स्पष्ट सांगा की तुझ्या खाऊ घालण्यात काही चुकलं नाही, याचं शरीरच असं घडवलं गेलंय. मुलं अशा वेळी मनातल्या मनात स्वतःला दोषी धरतात आणि बोलून दाखवत नाहीत.

बाकीच्या कोंबड्या का लंगडतात ते बघायला मांडीवर जुना टॉवेल टाका, पंख अंगाशी धरून कोंबडीला त्यात गुंडाळा आणि एकेक पाय मुलाला दाखवा. तळव्यावर मसुराएवढी काळी खपली आणि भोवती सूज असेल, तर तो बंबलफूट. कठड्यावरून वारंवार टणक फरशीवर उडी मारणाऱ्या, जाड कोंबड्यांना तो हमखास होतो. घरी ब्लेडनं खपली उकरू नका; ते काम डॉक्टरांचं. नडगीवरचे खवले उचकटलेले आणि जाडेभरडे दिसले, तर त्यांच्याखाली खरजेचे किडे असतात. पिल्लाचे दोन्ही पाय बाजूला फाकत असतील तर आधी तुमच्या गुळगुळीत टाइल्सकडे बघा आणि गोणपाट अंथरा. अंडी देणारी कोंबडी शेपूट खाली टाकून ताठ उभी राहत असेल, फेंगडत चालत असेल, तर अंडं अडकलेलं असू शकतं. मग उद्यावर ढकलू नका. आणि अंग गरम लागलं म्हणून क्रोसिनकडे धावू नका. कोंबडीचं नेहमीचंच तापमान 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं.

मग ती खाते काय, तेही बघा. बहुतेक घरांत उत्तर येतं: "आमचंच उरलेलं. भात, पाव, पोळी." इथं मुलाला एक खरी गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1890 च्या सुमारास जावा बेटावर, बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, ख्रिस्तियान आइकमन नावाचे डच डॉक्टर बेरीबेरीच्या मागे लागले होते. या रोगात माणसांचे पाय लुळे पडत. आइकमनना जंतूचा संशय होता. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्याच एकाएकी लडखडायला लागल्या आणि काही महिन्यांनी तशाच आपोआप बऱ्याही झाल्या. शोध घेतल्यावर कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या मुदपाकखान्यातला शिजलेला पांढरा भात घातला जात होता. मग आचारी बदलला. लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना कशाला, असं म्हणत नव्या आचाऱ्यानं तो बंद केला आणि कोंबड्या पुन्हा साध्या, कोंड्यासकट तांदळावर आल्या. तांदूळ सडताना जो कोंडा निघून जातो, त्यात पायांना उभं ठेवणारं काहीतरी होतं. आज आपण त्याला बी-वन जीवनसत्त्व म्हणतो. आइकमनना 1929 चं नोबेल मिळालं, हॉपकिन्स यांच्यासोबत विभागून. त्या आचाऱ्याला अर्थातच काही मिळालं नाही.

तेव्हा पांढऱ्या भातावर कोंबडी पोसू नका. पोल्ट्रीच्या दुकानात वयाप्रमाणे तयार खाद्य मिळतं. पिल्लांचं वेगळं, अंड्यावरच्या कोंबडीचं वेगळं. पिल्लांची बोटं आत वळून मुठी आवळल्यासारखी झाली, तर बी-टू कमी पडलेलं असतं आणि लवकर दिलं तर पाय सरळ होतात. अंड्याच्या एका कवचाला साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं. खाण्यातून मिळालं नाही तर ती ते स्वतःच्या हाडांतून काढते, अंडी देत राहते आणि एक दिवस बसते ती उठत नाही. तिच्यासाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवायचा. लहान तलंगेला मात्र तो नको, तिच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

एक पाय पुढे, एक मागे, असं ताणून ती पडली असेल, तर मात्र मनाची तयारी ठेवा. ती मरेक्सची खूण असू शकते. हंगेरीतले पशुवैद्य योझेफ मारेक यांनी 1907 मध्ये नोंदवलेला हा विषाणूचा रोग पिसांच्या कोंड्यातून पसरतो, त्यावर औषध नाही. माणसाला तो होत नाही. मान पिळवटलेली, हिरवट हगवण, श्वासाला घरघर असेल तर रानीखेत, म्हणजे आजोबांची मानमोडी. आणि आसपास बऱ्याच कोंबड्या पटापट मरत असतील, तर त्यांना हात लावायचा नाही, पुरायचंही नाही. आधी पशुसंवर्धन खात्याला 1962 वर फोन करायचा. फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हापासून हा नियम पाळायलाच हवा.

आता डॉक्टर. पुण्यात कोंबड्यांचा व्याप मोठा: व्यंकटेश्वरा हॅचरीज इथलीच, खडकीला सरकारी अंडी उबवणी केंद्र आहे, कोंबड्यांच्या लसी औंधला तयार होतात. पण एका आजारी कोंबडीला बघणारा डॉक्टर शोधायला निघालात की कळतं, शहरातले बरेचसे दवाखाने कुत्र्या-मांजरांचे आहेत. आधी फोन करून "कोंबडी बघता का?" असं विचारा. समोरचा हसला तर पुढचा नंबर फिरवा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. कोंबडी मेलीच आणि घरात आणखी कोंबड्या असतील, तर औंधच्या रोग अन्वेषण विभागात तपासणी करून घेता येईल का, तेही डॉक्टरांनाच विचारा.

घरची शुश्रूषा सोपी आहे, कंटाळवाणी आहे, आणि मुलांना ती झेपते. तिला बाकीच्यांपासून वेगळं ठेवा, कारण कोंबड्या आजाऱ्याला टोचून हैराण करतात. खोक्यात तूस पसरा, टॉवेलची चुंबळ करून त्यात तिला बसवा म्हणजे ती कलंडत नाही. सतत बसून छातीच्या हाडाखाली जखम होते, म्हणून अधूनमधून कूस बदलायची. जुन्या पंच्याला दोन भोकं पाडून पाय त्यातून खाली सोडले आणि पंचा दोन खुर्च्यांना बांधला, की थोडा वेळ भार न टाकता ती उभी राहते. आमच्या शेजारच्या मुलीनं खुर्च्यांच्या मध्ये आरसा ठेवला होता. कोंबडी स्वतःलाच रागावून बघत बसायची. पाणी घशात ओतू नका, श्वासनलिकेत जातं. उथळ वाटीत चोच बुडवा, ती स्वतः मान वर करून पिते. रोज वजन करायचं आणि वहीत लिहायचं, हे काम मुलाचं. औषध चालू असताना आणि त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत ते डॉक्टरांना विचारा. प्रत्येक वेळी साबणानं हात. पापे घेणं बंद. आणि आजारी कोंबडी कापून खायची नाही, काकांनी कितीही सांगितलं तरी.

काही कोंबड्या उठतात. काही कायमच्या लंगड्या राहतात आणि तशाच मजेत जगतात. पण ती खात-पीत नसेल, उठण्याची आशा नसेल, तर डॉक्टर इंजेक्शनचा पर्याय सुचवतील. मुलाला आधी सांगा, तिचा निरोप घेऊ द्या. "झोपवली" हा शब्द टाळा. रात्री अंथरुणावर पडल्यावर तो मुलाच्या डोक्यात फिरतो. "तिचा जीव गेला, आता तिला दुखत नाही," इतकं पुरतं. त्यानं विचारलं, "मग आपण रविवारी खातो ती?", तर गप्प बसवू नका. ती पण कोंबडीच असते, हे त्याला माहीत असतंच. तुम्ही कबूल करता का, तेवढं त्याला बघायचं असतं. काही दिवस चिकन नको म्हणालं तर भाजी वाढा, टोमणे मारू नका.

दुसरी लगेच आणू नका. आणाल तेव्हा दोन आणा, कोंबडी एकटी झुरते. कळपातली कोंबडी मरेक्सनं गेली असेल, तर खुराड्यातलं जुनं तूस, पिसं, धूळ सगळं काढून घासून धुवा. तो विषाणू धुळीत कित्येक महिने टिकतो. आणि विकणाऱ्याला पैसे देण्याआधी विचारा, मरेक्सची लस दिली आहे का. ती हॅचरीत, पिल्लू एक दिवसाचं असताना टोचतात. घरी आणल्यावर देऊन फारसा उपयोग नसतो.