विजेच्या हॉइस्टने विहिरीतील पंप काढताना



आडसाली ऊस असो की खोडवा, ऐन उन्हाळ्यात पाणबुडी मोटार जळाली की पंप वर काढण्याची एकच घाई होते. पूर्वी हे काम आठ-दहा गडी सोल लावून करीत. पुढे चेनकुप्पी आली. आता बऱ्याच वस्त्यांवर विजेचे छोटे हॉइस्ट दिसू लागले आहेत. बटण दाबले की ओझे वर येते, मनुष्यबळ वाचते. साधन चांगलेच आहे. मात्र ऊस विकास विभागातर्फे आम्ही शिवारात फिरतो तेव्हा एक समज सर्रास आढळतो, की यंत्र आहे म्हणजे ते काहीही उचलेल. हॉइस्टमुळे ओझे आपल्या हाताला हलके होते, दोराला होत नाही. म्हणून खालील बाबी ध्यानात घ्याव्यात.

१) आधी वजनाचा हिशेब. समजा पंप २० मीटर खोल आहे, पाणी तळाला गेले आहे आणि अडीच इंची लोखंडी पाईप आहे. या पाईपचे वजन मीटरला सुमारे साडेसहा किलो, म्हणजे १३० किलो. खालचा व्हॉल्व्ह पक्का असेल तर पाईपात पाणी उभेच राहते. ते मीटरला पावणेचार लिटरच्या आसपास, म्हणजे आणखी ७५ किलो. पंप व मोटार ६० किलो धरली तर एकूण २६५ किलो झाले. "पंप तो केवढा!" म्हणून २०० किलोच्या हॉइस्टला हे ओझे लावले, तर पहिल्याच ओढीला दोरावर जादा भार येतो. पंप गाळात रुतलेला असेल तर भार याहूनही वाढतो. अशा वेळी बटण दाबून धरू नये. आधी गाळ मोकळा करावा.

२) पट्टीवरचे दोन आकडे. छोट्या हॉइस्टच्या पट्टीवर बहुधा २००/४०० किलो असे दोन आकडे असतात. पहिला आकडा एकेरी दोराचा. दुसरा, सोबत मिळणारी हुकाची कप्पी लावून दोर दुहेरी केल्यावरचा. दुहेरी केल्याने ओझे दोन पदरांत वाटले जाते, पण उचलण्याची उंची व वेग निम्मे होतात. १२ मीटर चढणारा हुक ६ मीटरच चढतो. पाईप एकेक जोड सोडवत काढायचे असल्याने तेवढी उंची पुरते. तेव्हा वरील उदाहरणात दोर दुहेरीच करावा. प्रत्येक जोडाखाली क्लॅम्प आवळून तो विहिरीच्या तोंडावरील आडव्या गर्डरवर बसवावा आणि मगच जोड सोडवावा. केबलला धरून पंप कधीही ओढू नये.

३) तिपाई. हॉइस्ट कितीही भारी घेतला तरी तो ज्याला टांगला, त्याच्याच बळावर काम होते. वाळलेली बाभळीची मेढ वरून ठणठणीत दिसते, पण आतून भुंग्याने पोखरलेली असू शकते. लोखंडी तिपाई वापरावी. पाय कडक जमिनीवर ठेवून एकमेकांना साखळीने बांधावेत, म्हणजे ते फाकणार नाहीत. ओझे हुकाच्या बरोबर खाली यावे. तिरके ओढल्यास दोर ड्रमवर नीट गुंडाळत नाही व तिपाई कलंडते.

४) दोर आणि हुक. तारेच्या दोराचे धागे तुटलेले, पीळ उकललेला किंवा दोर मुडपलेला दिसला तर तो बदलावा. गाठ मारून चालवू नये. ओझे पूर्ण खाली गेले तरी ड्रमवर दोन-तीन वेढे शिल्लक राहिले पाहिजेत. हुकाची खिटी शाबूत हवी. ओझे प्रथम वीतभरच उचलून थांबावे. हॉइस्टचा ब्रेक धरतो का, तिपाई हलते का हे पाहावे आणि मगच पुढे उचलावे.

५) वीज. अर्थिंग चांगले असावे व ३० मिलीअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच बसवावा. एक वायर फेजला आणि दुसरी जमिनीत ठोकलेल्या सळईला, हा जुगाड जीवघेणा आहे. ओल्या जागी तर पाय टाकला तरी धक्का बसतो. मोटार तापू लागली की तिला विश्रांती द्यावी. मध्येच वीज गेली तर चांगल्या हॉइस्टचा ब्रेक आपोआप लागतो. तरी मेन स्विच बंद करावा, पाईप क्लॅम्पवर टेकवावा आणि लाईटची वाट पाहावी.

६) माणूस. ही बाब शेवटी लिहिली असली तरी मानाने पहिली आहे. हॉइस्टच्या हुकाला धरून किंवा बादलीत बसून कोणीही विहिरीत उतरू नये. हे यंत्र मालासाठी आहे, माणसासाठी नाही. ओझे लटकत असताना खाली कोणी असता कामा नये. पंप सोडवायला गडी उतरलाच असेल, तर तो वर येऊन काठापासून बाजूला झाल्याशिवाय बटणाला हात लावू नये. बटण एकाच्याच हाती असावे, इशारा एकानेच द्यावा. "थांब" मात्र कोणीही म्हटले तरी थांबावे.

१९४८ च्या कारखाना कायद्याने उचल-यंत्रे, साखळ्या व दोर यांची वर्षातून किमान एकदा जाणकाराकडून तपासणी करण्याचा आणि ठरलेल्या वजनापेक्षा जास्त ओझे न उचलण्याचा दंडक घातला. कारखान्याच्या यार्डात ऊस उतरवताना मोळीखाली उभे राहू देत नाहीत, ते याच शिस्तीने. आपल्या विहिरीवर तपासायला कोणी अधिकारी येत नाही. तिथली तपासणी आपणच करावयाची आहे.

पंप चार तास उशिरा बसला तर उसाला एक पाळी उशीर होईल. ते नुकसान भरून निघते. गड्याच्या घरचे नुकसान मात्र कोणत्याही हप्त्यातून भरून निघत नाही. तरी सर्व सभासदांनी वरीलप्रमाणे काळजी घ्यावी व हा मजकूर आपल्या सालगड्यांना आणि मोटार मेकॅनिकलाही वाचून दाखवावा, ही विनंती.