यंत्राला आपले अंक शिकविताना

आमचा विषय इतिहास. तरीही सायंकाळी आमच्या वसतिगृहातील मुले संगणक आणि मायक्रोकंट्रोलर घेऊन बसतात, तेव्हा आम्हीही त्यांच्यामागे जाऊन बसतो. एकदा एका मुलीने दिव्याचा उजेड ठरविण्यासाठी मराठी अंकांत १२५ लिहून पाठविले. इंग्रजी अंकांनी उजळणारा दिवा विझला. ती हिरमुसून म्हणाली, "सर, याला मराठी कळत नाही."

हे खरे आहे काय, ते पाहू. संगणकाची आज्ञा आर्डुइनो उनो बोर्डवर सबंध पोहोचत नाही; ती एकेक बाइट करून येते. वेग ९६०० बॉड असेल, तर बाइटच्या आठ बिटांना आरंभाचा व शेवटाचा एकेक बिट जोडून सेकंदाला ९६० बाइट येतात. ते ६४ बाइटांच्या तात्पुरत्या साठ्यात थांबतात. प्रोग्रॅम 'डिले'मध्ये सेकंदभर अडकला आणि बाइट येतच राहिले, तर हा साठा सेकंदाच्या सुमारे पंधराव्या भागातच भरतो. पुढचे बाइट वाया जातात.

म्हणून 'सिरियल अव्हेलेबल'ने बाइट आला आहे का हे विचारावे आणि 'सिरियल रीड'ने तो उचलावा. मात्र लगेच कृती करू नये. इंग्रजी अंकांतील १२५ येताना आधी १, मग १२ आणि शेवटी १२५ होतात. ओळ संपल्याची खूण, म्हणजे न्यूलाइन, येईपर्यंत थांबावे. जुन्या तारघरातील तारबाबूही संदेश पुरा झाल्याखेरीज कागद शिपायाच्या हाती देत नसे.

इंग्रजी अंक शून्याचा संकेत ४८ आणि नवाचा ५७. आलेल्या संकेतातून ४८ वजा केले की अंक मिळतो. आधीच्या संख्येला दहाने गुणून तो मिळवायचा. मराठी अंक मात्र प्रत्येकी तीन बाइटांचा असतो. मराठी एक म्हणजे २२४, १६५, १६७. मुलीचा प्रोग्रॅम ४८ ते ५७ एवढेच संकेत स्वीकारत होता. नऊच्या नऊ बाइट त्याने दाराबाहेर ठेवले. संख्या शून्य राहिली आणि दिवा विझला.

उपाय चार ओळींचा निघाला. २२४ आणि १६५ यांच्यामागून १६६ ते १७५ पैकी बाइट आला, तर त्यातून १६६ वजा करावेत. मुलीने त्या ओळी स्वतः लिहिल्या. दिवा मराठी १२५ वर उजळला.

दोष भाषेचा नव्हता, मुलीचा तर नव्हताच. दारावर कोणाला आत घ्यायचे, हे कोणीतरी लिहून ठेवले होते, इतकेच. अक्षराचे दार पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यासाठी बंद होते, त्या समाजाला हे निराळे सांगावे लागत नाही. पालकांनो, आपली लेकरे "आपल्याला हे जमणार नाही" असे म्हणू लागली, तर त्यांना एवढेच विचारा : नियम कोणी लिहिला आहे, आणि तो तुला वाचता येतो का? वाचता आला, तर बदलताही येतो.